आधी कल्ले, मग कोयती

शांतीची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली, आणि ते भांडण मीच काढलं असं ती कायम सांगत आली. ते साफ खोटं आहे. मी फक्त मासा कापून मागितला होता.

नवी मुंबई हा शब्द तेव्हा कुणी ऐकलेला नव्हता. तुर्भ्याला भातखाचरांच्या मधोमध एकेक कारखाना उठत होता, आणि आमच्या कंपनीनं आपल्या माणसांसाठी एक बैठी वसाहत बांधली होती. खोल्या नव्या, चुना अजून ओला, आणि ओट्यावर उभं राहिलं की समोर चिखल आणि चिखलापलीकडे खाडी. मी मालती, कराडकडची. आमचे हे, धर्मराज, रॉकेलचे स्टो बनवणाऱ्या त्या कंपनीत विक्रीच्या खात्यात होते. शेजारच्या विमलबाई वर्ध्याच्या, त्यांच्या पलीकडे कोण गुजराथी, कोण मद्रासी. सगळ्याजणी दारं लावून आत. विरजण मागायलासुद्धा कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. बोलायला माणूस नसलं की मला दम लागतो. त्या दिवसांत मी भाजीशी बोलत भाजी निवडायची.

अशात एका सकाळी हाक आली, "म्हावराय गो, म्हावरा!"

मी धावतच ओट्यावर आले. गुडघ्यावर कासोटा मारलेली, माझ्याच वयाची एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन उभी होती. "पाटीला हात लाव गो बाय," ती म्हणाली. मला कळलंच नाही. आमच्याकडे विकायला येणारी बाई आपली टोपली आपणच उतरवते. मी नुसती बघत राहिले, तेव्हा तिनं मान तिरकी करून एकटीनंच पाटी खाली घेतली आणि आतून एक चांदीसारखी बोय मासळी काढून माझ्यासमोर धरली.

"दे. साफ करून, कापून दे," मी म्हटलं.

"कापून?"

"हो. मला नाही येत."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मी कापून देनार नाय."

"का बरं? गिऱ्हाईक नको का तुला?"

"म्हावरा पायजे तं घे. कापलेला म्हावरा आमच्या घरात कोन इकत नाय."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मग ने परत. तिनं पाटी एकटीनंच उचलून डोक्यावर ठेवली आणि चालू लागली. शेजारी विमलबाईंच्या दारातही तेच झालं असावं, कारण त्यांचंही दार धाडकन लागलेलं ऐकू आलं. मी आत जाऊन पिठलं टाकलं.

रात्रीच्या जेवणाला मी ह्यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ह्यांचं लक्ष नव्हतं, कारण त्यांच्याच डोक्यावर संकट होतं. आजवर ह्यांची विक्री म्हणजे दुकानदाराच्या गादीवर टेकायचं, पान खायचं, गप्पा हाणायच्या आणि ऑर्डर घेऊन यायचं. त्यात ह्यांचा हातखंडा होता. आता मुंबईहून कुणी मोठे साहेब येऊन सांगून गेले की बोलून विकायचे दिवस संपले, यापुढे दाखवून विकायचं. गावोगावी चुलीपुढे बसणाऱ्या बायकांसमोर जायचं, स्टो पेटवायचा, त्यावर चहा करून पाजायचा. जो पेटवून दाखवेल तो राहील.

आणि आमच्या ह्यांनी जन्मात पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नव्हता. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी त्यांना स्टोला पंप मारायला, पिन घालायला आणि चहा करायला शिकवत होते. पहिला चहा त्यांनी फाटकावरच्या गोटीराम वॉचमनला नेऊन दिला. गोटीराम तुर्भे गावचाच, भिडस्त माणूस. त्यानं तो तोंडाला लावला, आणि "साहेब, माजा उपास हाय" म्हणून परत केला.

"तुझ्या त्या कोळणीचंही माझ्यासारखंच झालंय," हे हात धुता धुता म्हणाले. "माल तोच, गिऱ्हाईक बदललं. आता आपण बदलायचं की नाही?"

"तिनं बदलायचं," मी म्हटलं. मी काय बदलणार होते?

पण शांती बदलायला निघाली होती, हे पुढच्याच आठवड्यात दिसलं. बिचारीनं तिच्या परीनं आम्हाला खूश करायचं ठरवलं. खाडीच्या चिखलात निवट्या म्हणून मासळी असते, डोळे बाहेर आलेली, जमिनीवर बेडकासारख्या उड्या मारणारी. तिकडच्या माणसांचा जीव की प्राण. ताजेपणाबद्दल शंका नको म्हणून तिनं मडकंभर जिवंत निवट्या आणल्या, आणि भवानी चांगली व्हावी म्हणून विमलबाईंच्या ओट्यावर ते मडकं उपडं केलं.

पुढचं काय सांगू. निवट्या एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर, तिथून उघड्या दारांत. मद्रासी बाई देव्हाऱ्यापुढे बसल्या होत्या, त्यांच्या ओच्यात एक गेली. विमलबाई पाटावर चढून उभ्या. मी हसत होते ते माझ्या पायावर एक पडेपर्यंत. शांती सगळ्यांच्या मागे धावत ओरडत होती, "जित्ती हाय, जित्ती हाय, बघा," जणू त्याबद्दल आमची तक्रार होती.

संध्याकाळी वसाहतीच्या सुपरवायझरनं गोटीरामला बजावलं, त्या बाईला आत सोडायचं नाही.

दोन-तीन दिवसांनी मी बाजाराला निघाले तर शांती फाटकाबाहेर दगडावर बसलेली. पाटी भरलेली, वर ओलं फडकं. मला वाटलं, ही आता चार शिव्या घालणार. तिनं नुसतं फडकं सारखं केलं. तेच मला सहन होईना. मी तिच्याशेजारच्या दगडावर जाऊन बसले.

"दुसऱ्या गावात जा की," मी म्हटलं. "इथं कशाला बसतेस?"

"हाच माजा गाव हाय," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. ती सारसोळ्याची. तिच्या सासूनं, येसूबाईनं, लग्न झाल्यावर तुर्भे गाव तिच्या ओटीत घातलं होतं. कोळणींमध्ये तशी रीत होती. सासूची गिऱ्हाइकं सुनेला मिळत, दागिन्यासारखी. येसूबाई वर्षभर इथल्या घरांत म्हावरा द्यायची आणि भात झोडलं की खळ्यावर येऊन आपल्या वाट्याचं भात घेऊन जायची. मध्ये कुणी काही मागायचं नाही, कुणी काही विसरायचं नाही. आता खाचरांवर कारखाने आले. खळंच राहिलं नाही. गावातले पुरुष नोकरीला लागले, बायका आठवड्याच्या बाजारातून घ्यायला लागल्या. उरली ही नवी वसाहत.

"आनि हितं तं कोन घेत नाय. गणू बोलतो, पाटी ठेव, कंपनीच्या बांधकामावर घमेली उचल." गणू म्हणजे तिचा नवरा, खाडीत होडी घालायचा. सासूला ती आय म्हणायची. "आय बोलते, एकदा पाटी उतरली का पुन्ना डोक्यावर चढत नाय. मना घमेलं नको गो. मना माजा धंदा पायजे."

ती रडत नव्हती. पण मी आदल्या आठवड्यात दार लावून घेतलं होतं ते दार मला आठवलं.

"मग कापून का देत नाहीस?" मी विचारलं. "एवढंच तर पाहिजे आम्हाला. आमच्यातल्या निम्म्या बायकांनी समुद्राचा मासा कधी हातात धरलेला नाही."

"कापलेला म्हावरा चोराचा म्हावरा," शांती म्हणाली. तिनं फडकं बाजूला करून एक मासा उचलला आणि त्याच्या गालावरचं झाकण अंगठ्यानं वर केलं. आत लालभडक कल्ले. "हे लाल तं ताजा. काळं पडलं तं शिळा. ज्याला शिळा इकायचा तो पयले मुंडी कापतो, मग खवलं काढतो, मग कोनाला काय कळनार? आय बोलते, कल्ले कापले का म्हावरा मुका झाला. तिची सख्खी बहीन बाजारात कापून इकायला लागली, तं आयनं तिच्या घरचं पानी सोडलं."

मी त्या लाल कल्ल्यांकडे बघत राहिले. इतके दिवस मला वाटत होतं की ही बाई आखडू आहे. ती तर मला फसवायचं नाही म्हणून माझ्याशी भांडली होती. आणि त्याच क्षणी ह्यांच्या साहेबाचं वाक्य माझ्या डोक्यात आलं.

"शांते, आधी दाखवलंस तर? कल्ले त्या बाईला उघडून दाखवायचे, तिला बोट लावून बघायला सांगायचं, आणि मग तिच्यासमोरच कापायचं. मग मुका कसा होईल? बोलून झाल्यावर कापलास की."

शांतीनं मासा पाटीत ठेवला. "मना पटतंय. पन आयचा शब्द हाय. ती घरात घेनार नाय मना."

"तर मी येते तुझ्या आयकडे."

वाटेत मला कळलं की मी किती मोठा तोरा मिरवला होता. सारसोळ्यापर्यंत बांधांवरून आणि मिठागरांच्या कडेनं चालून माझ्या चपलांचा चिखल झाला. येसूबाई अंगणात सुकट पसरत होती. उंच बाई, पांढरे केस, त्यांत अबोलीची वेणी. माझं सगळं बोलणं तिनं ऐकून घेतलं, हात न थांबवता.

"तुज्या बायांना म्हावरा कळत नाय," ती म्हणाली, "तो काय आमचा दोष?"

"नाही मावशी."

"मंग त्यांनी शिकावं."

मला राग आला. राग आला की मी खरं बोलते, ही माझी खोड आहे. "कुणाकडून शिकावं?" मी म्हटलं. "माझी आई कराडला. विमलबाईंची वर्ध्याला. आम्ही सगळ्याजणी आपापली माणसं सोडून इथं येऊन पडलोय. इथलं पाणी आम्हाला माहीत नाही, मासा माहीत नाही, एकमेकींची भाषा येत नाही. तुम्ही नाही शिकवणार, तर आम्हाला शिकवणार कोण?"

येसूबाईचा हात सुकटीवर तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग म्हणाली, "ऊन चरलंय. पानी पी आनि जा."

मी पाणी प्यायले आणि आले. शांती मला सोडायला आली. फाटकाशी ती म्हणाली, "तू आलीस, तेवरा पुरं हाय गो." घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं की माझी विक्री फसली. ह्यांनी स्टो पेटवला आणि माझ्यासाठी चहा केला. तो बरा झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर गलका ऐकू आला. मी बाहेर येऊन बघते तर येसूबाई. डोक्यावर पाटी, मागे दुसरी पाटी घेऊन शांती. आणि पुढे आडवी काठी धरून आमचा गोटीराम, घामाघूम.

"साहेबांचा हुकूम हाय, मावशे."

"कोन साहेब? गोट्या, तू पोटात होतास तवा तुज्या आयसला ह्या हातानं खाडीची बोय देलेली. तुज्या बारशाला खळ्यावरचा भात घेतला नाय मी, सोरून देला. आता मना काठी दाखवतंस?"

गोटीरामची काठी खाली आली. तो पुढे झाला आणि त्यानं येसूबाईच्या पाटीला हात लावून ती उतरवली, जशी त्याच्या आईनं वर्षानुवर्षं उतरवली असेल. सुपरवायझरला नंतर त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण पुन्हा कुणी काठी आडवी केली नाही.

येसूबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. "बोलव तुज्या बायांना."

मी प्रत्येक दार वाजवलं. ज्या दारांत मी विरजण मागायला गेले नव्हते, त्या सगळ्या दारांत गेले. निवट्यांच्या आठवणीनं कुणी यायला तयार होईना. आज सगळं मेलेलं आहे, अशी हमी दिल्यावर विमलबाई आल्या. मग बाकीच्या आल्या. मद्रासी बाई खात नव्हत्या, पण त्याही लांब उभं राहून बघायला आल्या.

येसूबाईनं एकेकीचा हात धरून शिकवलं. बोट लाव, दाब, खड्डा राहतो का बघ. डोळा बघ, आत गेला का वर हाय. कल्ले उघड, भिऊ नको, तो तुना चावनार नाय. विमलबाईंनी डोळे मिटून बोट लावलं तर तिनं त्यांच्या हातावर चापट मारली. "डोळं मिटून म्हावरा घेशील तं कोनीपन फसवंल." विमलबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसलेल्या मी पाहिल्या. हसताना त्यांचा एक दात पडलेला दिसायचा, म्हणून त्या हसत नसत, हे मला त्या दिवशी कळलं.

सगळ्यांचं बघून झालं. विमलबाईंनी एक बोय निवडली. आता काय, म्हणून सगळ्या येसूबाईकडे बघू लागल्या. तिनं कमरेची कोयती काढली. शांतीचा चेहरा पांढरा पडला होता.

येसूबाईनं कोयती शांतीपुढे धरली.

"मी कापनार नाय," ती म्हणाली. "माजा नेम माज्या हाताचा हाय, तो माज्यासंगं जाईल. पन मना माज्या सासूनं शिकवलं म्हनून मना आलं. ही बाय बोलली ते खरं हाय. ह्यांना शिकवायला कोन नाय. तुजी गिऱ्हाइकं येगळी, तुजा नेम तू कर. आधी कल्ले दाखव, मंग कोयती लाव. कल्ले न दाखवता कापलास तं माजी कोयती माजी मना दे."

शांतीनं कोयती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि विमलबाईंच्या डोळ्यांसमोर ती बोय कापली. येसूबाईनं तेवढा वेळ खाडीकडे तोंड करून घेतलं होतं. तिचे खांदे हलत होते. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, तर ती म्हणाली, "वारा हाय." वारा नव्हता.

त्या सकाळी दोन्ही पाट्या रिकाम्या झाल्या. पुढे शांती रोज यायची, माझ्या ओट्यावर बसायची. कल्ले दाखवायची, कापायची आणि मग रस्सा कसा करायचा तेही सांगायची. विमलबाईंना वऱ्हाडी तिखटाचा हवा, गुजराथी बाईंना मसाला नको, कुणाचा नवरा काट्यांना भितो, कुणाच्या घरी सोमवार, हे सगळं तिच्या डोक्यात. ती यायची म्हणून आम्ही जमायचो, आणि जमलो की गप्पा व्हायच्या. विरजण, वाटण, पापड इकडून तिकडे जाऊ लागले. मद्रासी बाईंनी मला डोसे शिकवले. वसाहतीला वसाहत शांतीनं केली. कंपनीनं नुसत्या भिंती बांधल्या होत्या. माझ्या आयुष्यात मी कुणाकुणाचे उपकार मानते त्यांत तिचा नंबर फार वर आहे, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे. ती म्हणाली, "बस कर गो, म्हावरा वास मारंल."

ह्यांचंही बरं चाललं. चहा जमला, तसे ते पोह्यांपर्यंत गेले. बेलापूर, कोपरखैरणे, सगळीकडे स्टो घेऊन हिंडायचे आणि बायका ह्यांच्या पोह्यांना नावं ठेवत ठेवत स्टो घ्यायच्या. नावं ठेवू द्यायची, हे ते शांतीकडे बघून शिकले असं ते म्हणत. मला वाटतं, त्यांना दुसरा इलाजच नव्हता.

पुढच्या वर्षी माझी आई कराडहून आली. पोरगी कुठल्या चिखलात राहते ते बघायला. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी शांती सगळी गिऱ्हाइकं उरकून शेवटी माझ्याकडे आली आणि फडक्यातून तिनं एक जिताडा काढला. हातभर लांब. खाडीतला हा मासा तिकडची माणसं विकत नाहीत, मानाच्या माणसाला भेट देतात.

"गणूला गावला. आय बोलली, मालतीला नेऊन दे."

मी पाट आणि ताट आणलं, तिची कोयती पुढे सरकवली. शांतीनं हात मागे घेतले.

"मी कापून देनार नाय," ती म्हणाली.

तेच वाक्य, तोच ओटा. मी तिच्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघीही हसायला लागलो, आईला काही कळेना.

"तुज्या आयसला बघू दे, तुना काय काय येतंय."

मी जिताडा उचलला, आणि सवयीनं माझा अंगठा त्याच्या गालाखाली गेला. कल्ले लालभडक. मग मला लाज वाटली. "भेटीचा मासा कुणी तपासतं का," आई हळूच म्हणाली.

"तपासतं," शांती म्हणाली. "मी घरी जाऊन आयला सांगनार हाय. म्हातारी आज पोटभर जेवंल."

आईसमोर मी तो जिताडा खवल्यांपासून साफ केला आणि कापला. आईनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, बरं झालं बाई, इथं तुला कुणीतरी भेटलं. मग शांती उठली. पाटी पूर्ण रिकामी होती, एका बोटानं उचलली गेली असती. पण ती उभी राहिली, वाट बघत. मी एका बाजूनं हात लावला. दुसऱ्या बाजूनं, कुणी न सांगता, आईनं लावला, आणि आम्ही दोघींनी ती पाटी तिच्या डोक्यावर ठेवली.